वरच्या मजल्याचं पाणी

आमचे सर भूल द्यायच्या आदल्या दिवशी पेशंटला काडी विझवायला लावायचे. तोंड उघडं ठेवायचं, ओठांचा चंबू करायचा नाही, आणि वीतभर लांब धरलेली पेटती काडी नुसत्या श्वासाने विझवून दाखवायची. विझली तर फुप्फुसात दम आहे. नाही विझली तर सर ती काडी स्वतः विझवायचे, पेशंटने आपल्या चहात मीठ टाकल्यासारखं त्याच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "बिड्या किती?"

ही चाचणी त्यांच्या मनातली नव्हे, पुस्तकातलीच आहे, जुनी. पण वॉर्डात ऑक्सिजन असतो, तिथे काडी ओढायची नसते, एवढं त्यांनाही कळत होतं. म्हणून ते पेशंटला घेऊन गेटाबाहेरच्या पानटपरीवर जायचे. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, हाताला सुई चिकटवलेली, आणि टपरीपुढे उभा राहून हा माणूस तोंडाचा आ करून काडीवर हा-हा करतोय. एकदा एका पेशंटचा भाऊ रस्ता ओलांडून धावत आला. "अहो डॉक्टर, उद्या ऑपरेशन आणि आज तुम्ही याला बिडी पाजताय?"

"पाजत न्हाय," सर म्हणाले, "विझवतोय."

मला तेव्हा डिग्री मिळाली होती, पण एकटीने भूल द्यायचा धीर नव्हता. म्हणून सुरुवातीची वर्षं मी सरांच्या मागे मागे हिंडले. भूल देणाऱ्या डॉक्टरला सोलापुरात स्वतःची खुर्ची नसते. सकाळी हाडांचं हॉस्पिटल, दुपारी बाळंतपण, संध्याकाळी नाक-कान-घसा, असं दारोदार जायचं. सर जुन्या स्कूटरवर जायचे आणि थिएटरच्या दारापर्यंत हेल्मेट काढायचे नाहीत. काढलं की माणसं ओळखतात, ओळखलं की बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी मला कधीही नावाने हाक मारली नाही. मी जेऊरची, म्हणून मी "जेऊर". थिएटरमधल्या मावशी मोडनिंबच्या, त्या "मोडनिंब". नाकाचे सर्जन पुण्यात शिकून आलेले, स्वतःचं हॉस्पिटल असलेले, चांगले मोठे डॉक्टर, ते "पुणं". "मोडनिंब, चहा सांगा. जेऊर, नाडी बघ. पुणं काय म्हणतंय?" हे सगळं ऐकत पेशंट गुंगीत जायचा. एक आजी शुद्धीवर आल्याबरोबर म्हणाल्या होत्या, "माझी गाडी लागली का?"

सर्जन आणि आमच्या मध्ये एक हिरवी चादर आडवी टांगलेली असते. सर तिला अक्कलकोटचा नाका म्हणायचे. नाक्यापलीकडची भाषा वेगळी, तिकडचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, हा मला मिळालेला पहिला धडा. दुसरा धडा स्टुलाचा. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसायचं नाही, कारण टेकलं की डोळा लागतो. त्यामुळे मीही आयुष्यभर लोखंडी स्टुलावर बसत आले आणि आज माझी कंबर कामातून गेली आहे, त्याचं श्रेयही त्यांनाच.

सर सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातले. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. डॉक्टरांच्या बैठकीत सगळे इंग्रजी फाडायचे आणि सर मध्येच "त्ये न्हाय पटत" म्हणायचे. मॉनिटरवर त्यांचा फार विश्वास नव्हता. तो बघायचे, पण त्याच्या आधी पेशंटच्या कानाच्या पाळीचा रंग बघायचे, कपाळावर हात ठेवायचे. "मेंढरू आजारी पडल्यालं सांगत न्हाय, जेऊर. कळपात मागं राहतं. मागं राहिलं की बघायचं. मान टाकल्यावर बघून काय उपेग?"

आता प्रेशरचं प्रकरण सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाकाच्या आतलं ऑपरेशन म्हणजे दुर्बीण घेऊन बोळकांडीत शिरायचं. थोडं रक्त आलं की दुर्बिणीपुढे सगळं लाल. बाजूला डोळा, वर मेंदू. तिथे चाचपडत हात चालवून भागत नाही. म्हणून सर्जन म्हणतात, ब्लडप्रेशर खाली आणा. आम्ही सुईवाटे एक औषध सोडतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, प्रेशर उतरतं, रक्त कमी येतं आणि सर्जन गाणं गुणगुणायला लागतात. धडधाकट माणसाचं प्रेशर सर बिनतक्रार खाली आणायचे, बेताने. पण ज्याची काडी विझली नाही त्याचं पाडा म्हटलं, की सरांच्या अंगात यायचं.

का, ते ते नातेवाइकांना सांगत बसायचे. सुरुवात ठरलेली. "तुमच्याकडं पाणी किती दिसांनी येतं?"

सोलापुरात हा प्रश्न विचारला की माणूस मोकळा होतो. चार दिवसांनी, पाच दिवसांनी, तेही नको त्या वेळी, तेही करंगळीएवढी धार. नातेवाईक घडाघडा बोलायला लागायचे. कितीतरी जणांना वाटायचं हे महापालिकेचे साहेब आहेत, आणि ते गल्लीतल्या गटाराचंही गाऱ्हाणं घालायचे. सर सगळं ऐकून घ्यायचे आणि मग मुद्द्यावर यायचे.

"फुप्फुस म्हंजी एक चाळ समजा, तीन मजली. खिडकीतनं हवा येती, नळाला रक्त येतं. दोघांची गाठ पडली तर त्या हवेचा उपेग. आता मी प्रेशर पाडलं. वरच्या मजल्याला पाणी चढंल का?"

"कुठलं चढतंय!"

"मग वर खिडक्या उघड्या, वारं भरपूर, आन् नळ कोरडा. घेतल्याला श्वास फुकट. आन् दुसरं. तुमच्या गल्लीत चावीवाला येतो न्हवं?"

चावीवाला म्हणजे लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवर हिंडणारा, गल्लीगल्लीचं पाणी सोडणारा माणूस. नगरसेवकापेक्षा त्याला मान जास्त.

"तसा फुप्फुसात बी चावीवाला असतो. ज्या खोलीत हवा न्हाय तिथलं पाणी त्यो बंद करतो आन् हवेच्या खोलीकडं वळवतो. आमचं औषध त्या चावीवाल्याला बी गुंगवतं. मग सगळ्या चाव्या खुल्या. कुलूप लावल्याल्या खोलीत पाणी वाहतंय, आन् माणसं राहत्यात तितं ठणठणाट. चांगल्या फुप्फुसात बंद खोल्या थोड्या, धकून जातं. ज्याच्या निम्म्या खोल्या बंद, त्यानं काय करायचं?"

इतकं सोपं मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं. नातेवाइकांचा चेहरा मात्र बघण्यासारखा असायचा. एकाने काळजीने विचारलं, "म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी पाणी येणार नाही का?"

"सही करा," सर म्हणाले.

याच विषयावर त्यांनी एकदा डॉक्टरांच्या संमेलनात भाषण दिलं. बाकीच्यांकडे रंगीत स्लाइडा होत्या. सर गल्लीतल्या चावीवाल्याची खरी चावी मागून घेऊन आले. पुरुषभर उंचीची, गंजलेली. ती खांद्याला लावून ते व्यासपीठावर उभे राहिले आणि औषधाने प्रेशर पाडल्यावर फुप्फुसाचं काय होतं ते सांगू लागले. जेवणाची वेळ झालेली. सभागृहात शेवटी मी, आभार मानायला थांबलेले एक गृहस्थ आणि एसी दुरुस्त करणारा, एवढेच उरलो. दुरुस्तीवाल्याने टाळ्या वाजवल्या. घरी गेलो तर सरांच्या दारात घागरी घेऊन अख्ख्या गल्लीतल्या बायका उभ्या. पाण्याची पाळी त्याच दिवशी होती, आणि चावी संमेलनात. सरांच्या पत्नी तेव्हा काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

तर आता एका बाईची गोष्ट.

चाळिशीतली, टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारी. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नाकात मांस वाढून दोन्ही नाकपुड्या बंद, त्यामुळे तोंडाने श्वास, त्यामुळे कापसाचं तूस वर्षानुवर्षं सरळ छातीत. आडवी झाली की जीव गुदमरायचा. ती भिंतीला टेकून बसून झोपायची. मी विचारलं, तुमचं काय दुखतं, तर म्हणाली, "दुखत नाही ताई. मला एकदा आडवं होऊन झोपायचंय." मी एवढे पेशंट बघितले, पण इतकं साधं मागणं दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

काडी विझली नाही. काडीची ज्योत हललीसुद्धा नाही. सरांनी पुण्याला, म्हणजे सर्जनना, आधीच सांगितलं की प्रेशर फार खाली जाणार नाही. सर्जन "बघू" म्हणाले. सर्जनचं "बघू" आणि घरमालकाचं "बघू" यात फरक नसतो.

ऑपरेशन सुरू झालं. एक बाजू होत आली तोवर नाक्यापलीकडून आवाज आला, "सर, प्रेशर जरा खाली." सरांनी जरा आणलं. थोड्या वेळाने, "अजून जरा." सरांनी अजून जरा आणलं. त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसत होती. तेवढ्यात पेशंटने बाहेर टाकलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा मॉनिटरवर घसरायला लागला. सर्जननी चादरीवरून मान उंचावून बघितलं आणि खूश झाले.

"बघा की! कार्बन किती कमी. फुप्फुसं झकास काम करतायत. तुम्ही उगाच घाबरता. आणा अजून खाली."

आकडा कमी म्हणजे घाण नीट बाहेर पडतेय, हे कुणालाही पटेल. मलाही पटलं होतं. सर स्टुलावरून उठले, बाईच्या मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं आणि म्हणाले, "जेऊर, पळ. तपासून आण."

मी तपासून आले. मॉनिटर खाली सांगत होता, रक्त नेमकं उलटं. रक्तात कार्बन साठून चढला होता.

"वरच्या मजल्याला रक्त न्हाय," सर चादरीकडे तोंड करून म्हणाले. "तिथली हवा जशी गेली तशी मोकळीच परत येतीया. तिच्यात मिसळून आकडा बारीक दिसतोय. बाई साफ होत न्हाय, कोंडतीया." एवढ्यात ऑक्सिजनही हळूहळू उतरू लागला, आणि सरांनी औषध बंद केलं.

"अहो बंद काय करताय? एक बाजू राहिलीय!"

"राहू द्या."

"प्रेशर चढतंय, मला काही दिसत नाहीये!"

"दिसत न्हाय तर हात काढा. नाकात पट्ट्या भरा."

"सर, हे माझं हॉस्पिटल आहे."

"व्हय," सर म्हणाले, "आन् ही माझी पेशंट हाय."

थिएटरमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती, पण मोडनिंबच्या मावशींच्या हातून ट्रे पडला, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. सर्जननी रक्त थांबवायला गॉजच्या पट्ट्या भरल्या, हातमोजे ओढून काढले आणि निघून गेले. बाईची कानाची पाळी पुन्हा गुलाबी होईपर्यंत सर तिच्या डोक्याशी उभे होते. ती शुद्धीवर आली, एक नाकपुडी मोकळी आणि एक तशीच बंद.

बाहेर सर्जननी नातेवाइकांना सांगितलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मध्येच थांबवलं. खोटं नव्हतंच ते. नवऱ्याने डोक्याला हात लावला. घरी बातमी गेली, तिथून गल्लीत, की एक येडा म्हातारा आहे, अर्ध्यात ऑपरेशन सोडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, सर, तुम्ही जाऊन समजावून सांगा त्यांना. चाळ सांगा, चावीवाला सांगा, काहीतरी सांगा.

"जिती हाय की ती," सर म्हणाले. "समजावून सांगायची पाळी येती तवा माणूस ऱ्हायल्यालं नसतं."

त्या हॉस्पिटलमधून सरांना पुन्हा बोलावणं आलं नाही. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मी काढला की स्कूटर सुरू करायचे.

पुढे मी एकटी भूल द्यायला लागले. एक दिवस त्याच सर्जनचा फोन. ती बाई दुसऱ्या बाजूच्या ऑपरेशनला तयार झालीय, पण घरच्यांची एकच अट आहे, तो म्हातारा नको. तुम्ही याल का?

मी तडक सरांच्या घरी गेले. ते शेंगांच्या चटणीबरोबर कडक भाकरी मोडून खात बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, मी नाही म्हणणार आहे. तुमचा अपमान केलेल्या ठिकाणी मी पाय ठेवणार नाही.

"माझा कशाला अपमान?" सर चावत म्हणाले. "नाक तिचं बंद हाय."

मी खाली बसले. मग खरं ते बोलले. "सर, मला भीती वाटते. ते प्रेशर पाडा म्हणाले आणि मला नाही म्हणता आलं नाही तर? तुम्ही म्हणता ते वेगळं. माझं कोण ऐकणार? आणि एवढ्यात ती बाई..."

मला वाटलं आता काहीतरी मोलाचं ऐकायला मिळेल. सरांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "त्ये तुझं तू बघ. भाकरी घे."

मी होकार दिला. आधी तिला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काही आठवडे औषधं, ओढायचा फवारा, आणि मागावर बसताना तोंडाला फडकं. अक्कलकोटहून तिची सासू मुद्दाम येऊन राहिली, सुनेला वेळेवर फवारा ओढायला लावायला. ही म्हातारी पहिल्या वेळी नव्हती, पण त्या ऑपरेशनची कथा मला तिनेच सगळ्यात तपशिलात सांगितली. तिच्या कथेत सर मध्येच उठून जेवायला गेले होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी डोक्याची बाजू थोडी वर केली, नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवायला लावल्या, प्रेशर नुसत्या भुलेच्या मात्रेवर थोडंसंच खाली आणलं. रक्तवाहिन्या सैल करणारं ते औषध मी भरूनच घेतलं नव्हतं. काही वेळ बरा गेला. मग चादरीपलीकडून आवाज आला.

"मॅडम, प्रेशर."

"आणलंय, सर."

"अजून."

माझ्यापुढे झोपलेली ती बाई, तिच्या छातीत निम्म्या खोल्या बंद, आणि मी या माणसाच्या हॉस्पिटलात उभी. "नाही," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"काय म्हणालात?"

"नाही आणणार. याच्या खाली नाही."

"मला दिसत नाहीये!"

"पट्ट्या ठेवा. थांबू या. मला घाई नाही."

ते चादरीवरून माझ्याकडे बघत राहिले. मी बाईच्या कानाच्या पाळीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची माझी टाप नव्हती. मग त्यांनी पट्ट्या ठेवल्या. आम्ही थांबलो. पट्ट्या काढल्या, थोडं काम केलं, पुन्हा ठेवल्या, पुन्हा थांबलो. दुपारचं जेवण गेलं, चहा गेला. सर्जन माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. पण दुसरी नाकपुडी मोकळी झाली. तिच्यात पट्ट्या, पहिली मोकळी, अशी ती शुद्धीवर आली, डोळे उघडले, आणि मी तिला उशी काढून आडवी निजवली. ती आडवी राहिली. गुदमरली नाही. मी थोडा वेळ तशीच तिथे उभी राहून बघत होते.

दार ढकलून बाहेर आले तेव्हा जिन्यावरून उतरणारी पाठ दिसली. सरांचीच. हाक मारायच्या आत ते वळणाआड गेले. बाकावर बाईची सासू बसली होती. मी सांगितलं, "अम्मा, सून बरी आहे. दोन्ही बाजू झाल्या. आडवी झोपलीय." अम्मांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, कपाळाला लावला, तेलुगूत देवाचं नाव घेतलं. मग जिन्याकडे बोट करून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, त्या बाबांच्या लेकीचं काय झालं?"

"कुठल्या बाबांच्या?"

"आत्ता गेले की. सकाळपास्नं माझ्याशेजारी बसलेते. पाणी बी पिले न्हाईत. मी इचारलं, तुमचं कोन हाय आत? तर म्हनले, लेक हाय. लई घाबरलेले हो. मी धीर दिला. म्हनलं, ही ताई लई चांगली हाय, पयला म्हातारा हुता त्यो येडा हुता. तर म्हनले, व्हय, लई येडा हुता. बरी हाय न्हवं त्यांची लेक?"

त्या दिवशी आत पेशंट एकच होती, अम्मांची सून.

"बरी आहे," मी म्हणायला गेले आणि मला एकदम रडूच कोसळलं. काही केल्या थांबेना. अम्मांना वाटायचं ते वाटलं. त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. देवाची मर्जी. एक गेली तर गेली, एक तर वाचवलीत."